दादाच्या गाठीची जीन टेस्ट केली, तर धाकटीचं लग्न अडेल का?

पत्राचा गोषवारा: कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींचा भाऊ ३८ वर्षांचा आहे, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर. दीड महिन्यापूर्वी कामावर असतानाच त्याला फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात गाठ दिसली, ऑपरेशन झालं, बरीचशी गाठ निघाली. बायोप्सीचा रिपोर्ट असा: 'डिफ्यूज अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड २, एनओएस. आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह, एटीआरएक्स लॉस, पी५३ स्ट्राँग पॉझिटिव्ह, केआय-६७ चार टक्के. मॉलिक्युलर तपासणीचा सल्ला.' डॉक्टर म्हणतात ही तपासणी करून घ्या. आईचं म्हणणं, घराण्याच्या मुळावर कशाला उठता, धाकटीची सोयरीक सांगलीला जमत आलीय, पाव्हण्यांच्या कानावर 'जीन' हा शब्द गेला की संपलं. काका उलट टोकाला: थुंकीची किट मागवू, सगळ्या घराची एकदम टेस्ट करून टाकू, पोरांचे एमआरआयही काढू. आजोबा १९८७ मध्ये ६७ व्या वर्षी 'डोक्यातल्या गाठीनं' गेले, बिडी खूप ओढायचे, त्यामुळे 'हे आपल्या रक्तातच आहे' अशी सगळ्यांची खात्री आहे. जाता जाता ताईंनी लिहिलंय की इचलकरंजीच्या आत्यांचं ४२ व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, पण 'त्या आता ठणठणीत आहेत, तो विषय वेगळा'. आणि दादाला? 'साधी गाठ होती, निघाली' एवढंच सांगितलंय.

ताई,

तुमच्या घरात वाद घालणारे दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर ठाम आहेत, म्हणूनच तो मिटत नाही. आईंना वाटतं जीन टेस्ट म्हणजे घराण्याची टेस्ट, म्हणून ती नको. काकांनाही तसंच वाटतं, म्हणून ती सगळ्यांची हवी. डॉक्टरांनी मात्र दादाच्या गाठीची तपासणी सांगितलीय. ती ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यावर होते. तुमचं, धाकटीचं, पोरांचं त्यात काही तपासलं जात नाही आणि घराण्याबद्दल तिच्यातून थेट काही सिद्धही होत नाही.

गाठीतले बहुतेक जनुकीय बदल माणूस जन्मल्यानंतर, मेंदूतल्या एखाद्या पेशीत घडलेले असतात. ती पेशी वाढत जाते, बदल तिच्याच पिल्लावळीत राहतो. बाकी शरीरात, रक्तात, थुंकीत तो नसतो, त्यामुळे मुलाबाळांत जायचा प्रश्नच येत नाही. आयडीएच हा असाच बदल आहे. तो मेंदूच्या गाठींत २००८ मध्ये पहिल्यांदा सापडला. हे जनुक पेशीच्या ऊर्जाचक्रातलं एक एन्झाइम बनवतं. जनुक बिघडलं की ते एन्झाइम भलतंच रसायन तयार करायला लागतं आणि त्या रसायनामुळे पेशीतल्या शेकडो जनुकांचं चालू-बंद होणं विस्कटतं. म्हणजे काकांच्या किटमधून जे शोधायचं म्हणता, ते तुमच्या थुंकीत असूच शकत नाही. तो खर्च आधी थांबवा.

आता दादाचा रिपोर्ट. तो नीट वाचला तर त्यातच पुढचा रस्ता आहे.

'एनओएस' या तीन अक्षरांचा अर्थ, पॅथॉलॉजिस्टनं सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते लिहिलंय, पण पूर्ण निदानाला लागणाऱ्या तपासण्या अजून झालेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात २०१६ साली जनुकीय तपासणी आणली आणि २०२१ च्या आवृत्तीत ती आणखी पक्की केली. तेव्हापासून ग्लायोमाचं (म्हणजे मेंदूतल्या आधार-पेशींपासून होणाऱ्या गाठींचं) निदान नुसत्या दिसण्यावरून पुरं होत नाही. मोठ्या माणसांच्या अशा गाठींचे तीन मुख्य गट: आयडीएच बदललेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच बदललेला आणि गुणसूत्रांचे १पी व १९क्यू हे दोन तुकडे गमावलेला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि आयडीएच न बदललेला ग्लायोब्लास्टोमा. तिघांचे उपचार वेगळे, वाटचाल तर फारच वेगळी.

'आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह' वाचून तुम्ही 'म्हणजे आयडीएच नाही, म्हणजे वाईट प्रकार' असा निष्कर्ष काढलाय. इथं थांबा. ही रंग देऊन केलेली तपासणी आहे, हिला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. ती आयडीएच१ च्या १३२ व्या जागेवरचा एकच ठरावीक बदल पकडते. आयडीएच बदललेल्या ग्लायोमांपैकी साधारण ९० टक्क्यांत तोच असतो. पण उरलेल्यांत त्याच जागी दुसरं अक्षर बदललेलं असतं, किंवा आयडीएच२ या भावंड-जनुकात बदल असतो. ते या रंगात दिसत नाहीत, त्यासाठी डीएनए वाचावा लागतो.

आणि दादाच्या रिपोर्टमध्ये तसं असावं अशी बळकट खूण आहे. एटीआरएक्स हे प्रथिन नाहीसं झालंय आणि पी५३ या दुसऱ्या प्रथिनाचा रंग जोरात आलाय. ही जोडी आयडीएच बदललेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमाची नेहमीची ओळख. वय ३८, केआय-६७ (पेशी किती वेगानं वाढताहेत याचं माप) कमी, गाठ फ्रंटल भागात, हे सगळं त्याच दिशेला जातं. पंचावन्नच्या पुढचा रुग्ण असता आणि चित्र ग्लायोब्लास्टोमाचं असतं, तर रंगतपासणी निगेटिव्ह आल्यावर तिथंच थांबणं चाललं असतं. ३८ व्या वर्षी, अशा रिपोर्टवर, थांबणं चूक ठरेल. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय.

यातून एक खर्च वाचू शकतो. काही लॅब १पी/१९क्यूसाठी फिश नावाची वेगळी तपासणी आपोआप जोडून देतात. एटीआरएक्स खरोखर नाहीसं झालं असेल तर गाठ ऑलिगोडेंड्रोग्लायोमा असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, म्हणून फिशची गरज बहुधा पडणार नाही. 'खरोखर' म्हणण्याचं कारण असं: एटीआरएक्सच्या स्लाइडवर गाठीच्या पेशी कोऱ्या दिसायला हव्यात, पण त्याच स्लाइडवरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींची केंद्रकं तपकिरी रंगलेली दिसायला हवीत. तीही कोरी असतील तर रंगच नीट चढलेला नाही, आणि 'लॉस' हा शब्द तिथं लागू होत नाही. हे पॅथॉलॉजिस्टला थेट विचारा. न्यूरोपॅथॉलॉजीचा अनुभव असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडून स्लाइड वाचून घेणं ही अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, आणि ती आधी व्हावी.

मग काय मागायचं? तुटपुंजं बजेट असेल तर आयडीएच१ आणि आयडीएच२ चं सँगर सीक्वेन्सिंग. त्यात मोजक्या जागाच वाचतात, काही हजारांत भागतं. ऐपत असेल तर मेंदूच्या गाठींचं एनजीएस पॅनेल, ज्यात एकाच वेळी बरीच जनुकं वाचली जातात. त्याचा खर्च बराच जास्त, पण दोन-तीन प्रश्न एकदम सुटतात. पॅनेल घेणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी यादी हातात घ्या. आयडीएच१, आयडीएच२, टीपी५३, एटीआरएक्स, टर्ट प्रमोटर, ईजीएफआर, एच३एफ३ए आणि बीआरएएफ त्यात हवेत. सीडीकेएन२ए/बी या जनुकांच्या दोन्ही प्रतींची गळती मोजता येते का, हे वेगळं विचारा. अनेक पॅनेल अक्षरांतले बदल वाचतात पण तुकडे गळाल्याचं नीट मोजत नाहीत, आणि दादाच्या बाबतीत तेच कळीचं आहे. आयडीएच बदललेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा दिसायला ग्रेड २ असला, तरी सीडीकेएन२ए/बी च्या दोन्ही प्रती गळालेल्या असतील तर २०२१ च्या वर्गीकरणात तो ग्रेड ४ धरतात. आयडीएच कुठंच बदललेला निघाला नाही तर टर्ट, ईजीएफआर आणि ७ व्या-१० व्या गुणसूत्रांचं पाहावं लागतं. त्यातलं काही सापडलं तर शांत दिसणारी गाठही ग्लायोब्लास्टोमाच ठरते. एच३एफ३ए त्याच कारणासाठी, तरुणांतल्या एका वेगळ्या प्रकारातही एटीआरएक्स नाहीसं होतं.

'एवढं कळून उपचारात काय फरक पडणार?' असं आई विचारतात. पडतो. ग्लायोब्लास्टोमा ठरला तर सहा आठवड्यांत ३० वेळा रेडिएशन, एकूण ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), सोबत रोज टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, मग महिन्यातून पाच दिवस १५० ते २०० च्या हिशेबानं पुढची आवर्तनं, आणि हे लगेच सुरू करायचं. तेव्हा ही केमो कितपत लागू पडेल याचा अंदाज देणारी एमजीएमटी मिथिलेशनची तपासणीही उपयोगी पडते. आयडीएच बदललेला ग्रेड २ ठरला तर रेडिएशन सुमारे ५० ते ५४ ग्रेचं, आणि ते आत्ता द्यायचं की काही काळ एमआरआयवर नजर ठेवायची, हा खरा चर्चेचा विषय होतो. किती गाठ मागे राहिलीय, फिट किती येतात, यावर ते ठरतं. तिसरा पर्याय अलीकडचा: व्होरासिडेनिब नावाची गोळी. ऑपरेशन झालेल्या, अजून रेडिएशन-केमो न घेतलेल्या ग्रेड २ रुग्णांवरच्या चाचणीत गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ २७.७ महिने मिळाला, औषध नसलेल्या, नुसत्या तशाच दिसणाऱ्या गोळीवर ११.१ महिने. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये तिला मान्यता मिळाली. ती महाग आहे, लिव्हरच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात, आणि आयुष्य किती वाढतं याचं उत्तर त्या चाचणीतून अजून आलेलं नाही. ती परवडेल का, मिळेल का, हे ऑन्कोलॉजिस्टशी बोला. पण आयडीएच बदल कागदावर सिद्ध झाल्याशिवाय ती चर्चासुद्धा सुरू होत नाही. दुर्मीळ अक्षरबदलही त्या चाचणीत धरलेले होते.

आता हाताने करायचं काम. ज्या लॅबनं बायोप्सी पाहिली तिथं दादाच्या सहीचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि बायोप्सी नंबर घेऊन जा. मागायचे पॅराफिन ब्लॉक आणि रंगवलेल्या सगळ्या स्लाइड्स. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लास्टिकची जाळीदार डबी, वर पांढरट मेण, मेणात करड्या रंगाचा चपटा तुकडा. कडेला नंबर लिहिलेला असतो. तो रिपोर्टवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहा, ए१, ए२ सकट. सगळे ब्लॉक एकदम उचलू नका. ज्यात गाठीच्या पेशी जास्त आहेत तो पॅथॉलॉजिस्टना निवडायला सांगा आणि निदान एक ब्लॉक मूळ लॅबमध्ये राहू द्या. नेल्याची पावती घ्या, परत केल्याची घ्या. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, तेव्हा एप्रिल-मेच्या उन्हात ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून तुम्ही टेंबलाईवाडीच्या सिग्नलला थांबू नका. स्लाइड्स स्लाइड-बॉक्समध्येच न्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या तर हटकून तडकतात.

परळच्या टाटा मेमोरियलला किंवा पुण्याला दाखवायचं ठरलं तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं तुमच्यापैकी एकानं ब्लॉक-स्लाइड घेऊन जाणं पुरेसं होईल का, हे आधी फोन करून विचारा. नुकतंच डोकं उघडलेल्या माणसाला रात्रभराचा प्रवास घडवायचं कारण नसतं. सोबत एमआरआयची सीडी, ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तपासणीचा खर्च योजनेत बसतो का ते विचारून घ्या, तोंडी उत्तरावर राहू नका.

तपासणी फसते ती बहुधा लॅबच्या यंत्रामुळे नाही, तुकड्यामुळे. ऑपरेशननंतर तुकडा फॉर्मॅलिनमध्ये चार-पाच दिवस पडून राहिला (शनिवार-रविवार आणि जोडून सण आला की हे होतं) तर डीएनएचे बारीक तुकडे पडतात. गाठीच्या कडेचा भाग गेला तर त्यात गाठीच्या पेशी कमी आणि निरोगी मेंदू जास्त, मग बदल असूनही दिसत नाही. एनजीएससाठी साधारण २० टक्के तरी गाठीच्या पेशी हव्यात. रिपोर्टमध्ये 'ट्यूमर कंटेंट' आणि 'डीएनए क्वालिटी' अशा ओळी असतात, त्या आधी वाचा. 'डीएनए अपुरा' असं आलं तर त्याचा अर्थ बदल नाही असा होत नाही. दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा करायला सांगा, त्यासाठीच एक मागे ठेवला होता.

अहवाल यायला दोन ते चार आठवडे धरा. ग्रेड २ च्या रुग्णाला एवढी वाट सहसा परवडते. दादाची फिटची गोळी मात्र एक वेळही चुकवू देऊ नका, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटरसायकल, शिडी आणि भट्टीजवळचं काम बंद. त्यासाठी त्याला कारण सांगावं लागेल, आणि 'साधी गाठ होती' हे कारण त्याला पटणार नाही. पुन्हा, ब्लॉक मागायला त्याची सही लागते, तपासणीला त्याची संमती लागते. त्याच्या डोक्यातल्या गाठीबद्दल आई, काका, मी आणि तुम्ही एवढं बोलतोय, आणि ज्याचं डोकं आहे तो फौंड्रीत परत कधी जायचं याचा विचार करत बसलाय. हे बरोबर नाही, ताई. सगळा अंदाज एकदम ओतायची गरज नाही. 'ही हळू वाढणाऱ्या प्रकारातली गाठ दिसतेय, परत येऊ शकते, नेमका प्रकार ठरवायला एक तपासणी राहिलीय' एवढं डॉक्टरांच्या समोर बसून सांगितलं तरी पुरे. पुढचं तो स्वतः विचारेल.

आता 'रक्तात आहे' हा भाग.

आजोबांना बाजूला ठेवा. १९८७ मध्ये ६७ वर्षांचा, बिडी ओढणारा माणूस 'डोक्यातल्या गाठीनं' गेला, त्याची बायोप्सी झाल्याचं तुम्ही कुठं लिहिलेलं नाही. फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पसरलेला असू शकतो, टीबीची गाठ असू शकते, रक्तस्राव असू शकतो. त्या वयात, त्या काळात 'गाठ' या शब्दाखाली हे सगळं जायचं. ग्लायोमा असला तरी त्या वयाचा ग्लायोमा आनुवंशिकतेकडे फारसं बोट दाखवत नाही. आणि सर्वसाधारण हिशेब असा, की सगळ्या ग्लायोमांतले जेमतेम पाच टक्के ठळक आनुवंशिक आजारांमुळे होतात. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट धरतात, पण मुळात आजारच विरळा. अमेरिकेच्या नोंदींत वर्षाला लाखात सुमारे सहा. सहाचे बारा झाले तरी लाखातच.

तुम्ही ज्याला 'तो विषय वेगळा' म्हणालात, तो मात्र मला वेगळा वाटत नाही. इचलकरंजीच्या आत्या.

टीपी५३ या जनुकातला बदल जन्मजातच शरीरभर असला, तर त्याला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात. त्यात मेंदूची गाठ, कमी वयातला स्तनाचा कॅन्सर, हाडाचा किंवा स्नायूंचा सार्कोमा, किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर असे आजार एकाच घरात येतात. कुणाची तपासणी करावी यासाठी डॉक्टर शोम्प्रे निकष वापरतात. त्यातला एक असा: रुग्णाला यांपैकी एखादी गाठ ४६ च्या आत झालेली, आणि आई-वडील, भावंडं, मुलं, आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी यांच्यापैकी एकाला यांपैकी एखादी ५६ च्या आत. दादा ३८, आत्या ४२. तुमचं घर या निकषात बसतं. आजोबा ६७ चे, ते बसत नाहीत. म्हणजे सगळं घर ज्यांच्याकडे बघून घाबरलंय ते मोजणीत नाहीत, आणि ज्यांना कुणी मोजलं नाही त्या आहेत.

घाबरून जाऊ नका. स्तनाचा कॅन्सर इतका सर्रास आहे की दोन वेगळ्या गोष्टी एका घरात योगायोगानं येणं हेच जास्त संभवतं. निकषात बसणं याचा अर्थ एवढाच, की जेनेटिक काउन्सेलरकडे किंवा वैद्यकीय जनुकतज्ज्ञाकडे जायला कारण आहे. आणि दुर्मीळ आयडीएच बदलांचं ली-फ्रॉमेनीशी थोडं नातं दिसलेलं आहे. अशा घरांतल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमांत आर१३२सी हा बदल वारंवार सापडल्याचं २००९ मध्ये नोंदवलं गेलंय. दादाच्या अहवालात आर१३२सी आलं तर काउन्सेलरला तो कागद नक्की दाखवा.

एक सापळा आधीच सांगतो. गाठीच्या अहवालात 'टीपी५३ म्युटेशन' असं जवळपास हमखास येईल. आयडीएच बदललेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात ते गाठीपुरतं असतंच, पी५३ चा जोरदार रंग त्याचीच खूण. ते वाचून रात्री मोबाइलवर शोधलंत तर पहिल्याच पानावर ली-फ्रॉमेनी दिसेल आणि घर हादरेल. गाठीत टीपी५३ सापडणं आणि जन्मजात टीपी५३ असणं यांत फरक आहे, आणि तो ठरवायला रक्तच तपासावं लागतं.

कुणाचं रक्त? दादाचं. निरोगी माणसापासून सुरुवात केली आणि निगेटिव्ह आलं, तर घरात बदलच नाही की फक्त तुमच्याकडे आला नाही, हे कळत नाही. दादाचं, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये काही मिलिलिटर, आधी समुपदेशन, मग तपासणी. ती निगेटिव्ह आली तर टीपी५३ पुरता तुमचा, धाकटीचा आणि मुलांचा प्रश्न तिथंच बहुतांशी मिटला. आत्यांनी मात्र स्वतःसाठी, ४२ व्या वर्षीच्या कॅन्सरसाठी, बीआरसीए (स्तनाच्या आनुवंशिक कॅन्सरशी जोडलेली जनुकं) धरून वेगळी तपासणी करावी का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावं. दादाची पॉझिटिव्ह आली तर भावंडांना प्रत्येकी निम्मी शक्यता, आणि मग तुमची तपासणी फक्त त्याच एका बदलासाठी, कमी खर्चात होते. अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा बदल आला तर त्यावरून कुणाचीच तपासणी करायची नाही, कसलाच निर्णय घ्यायचा नाही.

ही रक्ततपासणी निवांत करू, असं मात्र म्हणू नका. रेडिएशन ठरायच्या आत ती झाली तर बरी. जन्मजात टीपी५३ बदल असलेल्यांत रेडिएशनच्या जागी पुढं नवी गाठ उद्भवायचा धोका जास्त असतो, म्हणून तिथं रेडिएशन टाळता येतं का हे डॉक्टर जास्त काटेकोरपणे तोलतात. म्हणजे ही तपासणीही आधी दादाच्याच कामाची आहे, घराण्याचा नंबर नंतर.

पोरांचे एमआरआय काढू नका. निरोगी माणसांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये शंभरात दोन-तीन जणांना काही ना काही निरुपद्रवी सापडतं, आणि मग सहा-सहा महिन्यांनी परत काढत बसावं लागतं. दादाचं रक्त पॉझिटिव्ह आलं, मग तुमचंही आलं, तरच तुमच्या मुलांचा विषय. तेव्हाही तपासणीचं वेळापत्रक काउन्सेलर देतील, काका नाही. आणि आईंना मोबाइल टॉवरची शंका आहे असंही तुम्ही लिहिलंय. मेंदूच्या गाठीचं बाहेरचं, पक्कं सिद्ध झालेलं कारण एकच आहे, डोक्याला मिळालेलं एक्स-रे जातीचं जास्त रेडिएशन. टॉवर त्यात बसत नाही. गच्चीवरच्या टॉवरसाठी शेजाऱ्यांशी भांडण उकरू नका.

राहिलं सांगलीचं स्थळ. माझं मत रोखठोक आहे. आज सांगण्यासारखी 'जीन'ची गोष्ट तुमच्याकडे नाहीच. दादाच्या गाठीच्या तपासणीतून धाकटीबद्दल काही कळत नाही, मग ती लपवायचं काय? दादाचं ऑपरेशन झालं हे मात्र लपणारं नाही. फौंड्रीत फिट आली, पन्नास कामगारांनी पाहिलं, कुणाचा तरी मेहुणा सांगलीत असणारच. ते आधी, साध्या शब्दांत, तुमच्याच तोंडून गेलेलं बरं: 'भावाच्या डोक्याची गाठ काढलीय, उपचार चालू आहेत.' उद्या दादाचं रक्त पॉझिटिव्ह आलं, तर स्वतःची तपासणी करायची की नाही हे धाकटी ठरवेल, आणि केली तर त्याचं उत्तर ती आणि तिचा होणारा नवरा दोघं बोलतील. तिच्या रक्ताबद्दलचा निर्णय पाव्हण्यांच्या बैठकीत होऊ देऊ नका, तुमच्या आईंच्याही नाही. साखरपुड्याची तारीख महिनाभर पुढं गेली तरी काही बिघडत नाही. रेडिएशनची तारीख गाठीच्या अहवालाआधी ठरली तर बिघडू शकतं.

या आठवड्यात करायचं एवढंच: दादाला डॉक्टरांच्या खोलीत बसवून खरं सांगा, त्याच्या सहीनं ब्लॉक मिळवा, आणि आत्यांना फोन करून त्यांचा जुना बायोप्सी रिपोर्ट मागवा. फोटो पाठवतील तर पूर्ण पान पाठवायला सांगा. गाठ कोणत्या प्रकारची होती, हर्टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, ऑपरेशनच्या वेळी नेमकं वय किती. टीपी५३ शी जोडलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर्टू पॉझिटिव्ह जास्त दिसतं, म्हणून काउन्सेलर ते विचारतीलच. वडिलांच्या बाजूच्या बाकी मंडळींचं, विशेषतः लहान वयात गेलेल्या मुलांचं, कारण आणि वय आत्यांना ठाऊक असेल. तेही त्याच फोनवर लिहून घ्या.